४,२०० रुपये, पदरी घेतलेले

१९९६च्या जून महिन्यात मी आमच्या मंडळीच्या दानातले ४,२०० रुपये घरी नेले. अहमदनगरला मी शाळेत शिक्षक होतो आणि मंडळीचा खजिनदार. मुलीच्या डिप्लोमाची फी भरायची मुदत शनिवारी संपत होती. ऑगस्टात सगळी रक्कम मी पेटीत परत ठेवली. वहीत खाडाखोड नाही, हिशेब पैशापर्यंत जुळलेला. कोणाला काही कळले नाही.

बिघडले ते रविवारच्या उपासनेत. दानाची पिशवी वेदीपाशी नेताना माझी मान वर होईना. प्रभुभोजनाची भाकर हातात आली की घशाला कोरड पडायची. घरी प्रार्थना चालू होती, पण ती पाठ केलेल्या कवितेसारखी. वर्षभर असे काढल्यावर एका संध्याकाळी पाळकसाहेबांकडे गेलो. सलाम केला, बसलो, आणि आधी वादच घातला. “साहेब, ख्रिस्ताने वधस्तंभावर माझ्या सगळ्या पापांची भरपाई केली, असा माझा विश्वास आहे. पैसेही परत केलेत. मग आता कबुली कशाची राहिली?”

त्यांनी विचारले, “देवाला काय सांगता?”

“सांगतो की मी पापी आहे. कळत-नकळत झालेल्या चुकांची क्षमा कर.”

“४,२०० रुपये नकळत घेतलेत?”

मी गप्प झालो. ‘मी पापी आहे’ हे वाक्य मी लहानपणापासून हजारदा म्हटले होते, आणि त्याआड इतके दिवस निर्धास्त लपलो होतो.

मराठी बायबलमध्ये कबुलीसाठी एक शब्दप्रयोग आहे: पाप पदरी घेणे. मला तो फार मोलाचा वाटतो. जे आपले आहे तेच माणूस पदरात घेतो. परिस्थितीचे, बायकोच्या आग्रहाचे, लांबलेल्या पगाराचे ओझे कोणी पदरात घेत नाही. ते दुसऱ्याच्या अंगावर ढकलतो. नव्या करारातल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘तेच म्हणणे’ असा होतो. म्हणजे माझ्या कृत्याला देव जे नाव देतो, तेच नाव मीही द्यायचे. मी त्याला ‘उसने घेणे’ म्हणत होतो. त्याचे नाव चोरी होते.

विश्वास ठेवला, बाप्तिस्मा झाला, मग पुन्हा पापांगीकार कशाला, हा प्रश्न अनेक ख्रिस्ती घरांत विचारला जातो. योहानाने आपल्या पत्रात पाप पदरी घ्यायला सांगितले, ते विश्वास ठेवलेल्यांनाच. प्रभूची प्रार्थनाही शिष्यांनाच शिकवलेली आहे. तिच्यात रोजची भाकर आणि ऋणांची क्षमा लागोपाठ मागितली आहे. भाकर रोज लागते, तशी क्षमाही. शेवटच्या भोजनाच्या वेळी पेत्र आधी पाय धुऊन घ्यायला तयार नव्हता, आणि मग हात आणि डोकेही धुवा म्हणू लागला. येशूने त्याला सांगितले की ज्याचे स्नान झाले आहे त्याला पाय तेवढे धुवावे लागतात. स्नान एकदाच झाले, पण रस्त्यावरची धूळ रोजचीच. कबुलीने आपण क्षमा विकत घेत नाही. मुलगा बापाशी खोटे बोलला म्हणून त्याचे आडनाव जात नाही. ताटावर बसल्यावर नजर मात्र भिडत नाही. ती नजर पुन्हा भिडावी, म्हणून कबुली.

वसईच्या आमच्या कॅथलिक बांधवांची रीत वेगळी आहे. ते धर्मगुरूंपुढे पापनिवेदन करतात, आणि तिथे ऐकलेले धर्मगुरूंना कोणापुढेही उघड करता येत नाही. वर्षातून निदान एकदा तरी पापनिवेदन करावे, असा नियम १२१५च्या लॅटरन धर्मपरिषदेने घालून दिला. आम्ही प्रोटेस्टंट लोक थेट देवाशी बोलतो असे अभिमानाने सांगतो. खरे आहे, पण थेट बोलण्याच्या नावाखाली आम्ही बहुतेक वेळा बोलतच नाही. ल्युथरने १५१७ साली मांडलेल्या ९५ प्रबंधांतला पहिलाच म्हणतो की विश्वासणाऱ्याचे सारे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे.

आपल्याच प्रांतातले उदाहरण केडगावचे. पंडिता रमाबाईंनी जानेवारी १९०५ मध्ये मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनेचे गट सुरू केले. जूनमध्ये तिथल्या मुली रडून रडून आपापली पापे कबूल करू लागल्या. त्यांतल्या कितीतरी जणी बाप्तिस्मा घेतलेल्या होत्या.

आता थोडे सावधपणाचेही सांगतो. प्रत्येक पाप माइकवर सांगायचे नसते. काही साक्षींत स्वतःच्या पापापेक्षा शेजाऱ्याचेच अधिक ऐकू येते. ते मला मुळीच पटत नाही. देवापुढे सगळे सांगावे, आणि ज्याचे नुकसान केले त्याच्यापुढे त्याच्या वाट्याचे. माझ्या बाबतीत नुकसान मंडळीचे होते, म्हणून पाळकसाहेब मला पंचांच्या बैठकीत घेऊन गेले. सात माणसे होती. मी तारीख सांगितली, रक्कम सांगितली, ‘चोरी’ हा शब्द उच्चारला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग सर्वांत वयस्कर वडील उठले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली.

खजिनदारपद त्यांनी माझ्याकडेच ठेवले. पण पुढच्या रविवारपासून पेटीला दोन कुलपे लागली, दुसरी किल्ली दुसऱ्या पंचाकडे गेली, आणि मी ते काम सोडेपर्यंत, म्हणजे ११ वर्षे, दानाची मोजणी आम्ही दोघांनी मिळून केली.