चहावाल्यांचा संगणक

कार्यालयीन कामासाठी नेमाने चालणारा जगातला पहिला संगणक कुणी बांधला? चहा-केक विकणाऱ्या ब्रिटनच्या जे. लायन्स कंपनीने! १९५१ मधला हा 'लिओ'. केंब्रिज विद्यापीठाच्या 'एडसॅक' या संगणक प्रकल्पाला ३००० पौंडांची मदत करून त्यांनी तिथलं तंत्र आत्मसात केलं. पण मला यंत्रापेक्षा आखणीचंच जास्त कौतुक. लायन्समधल्या डेव्हिड कॅमिनर यांच्या गटाने आधी कामाची पद्धत उलगडून पाहिली. प्रत्येक दुकानाची रोजच्या मालाची यादी ठरलेली. व्यवस्थापिकेने फोनवर फक्त बदल सांगायचे आणि हेडफोन लावलेल्या ऑपरेटरने ते ऐकता ऐकता कार्डांवर पंच करायचे. किती सुटसुटीत! पगारपत्रक मात्र कारकुनांच्या हिशेबाशी ताडून पाहिल्यावरच यंत्रावर सोपवलं. १९५४ मध्ये तर या चहावाल्यांनी संगणक विकायला वेगळी कंपनीच काढली.