कटिशूल
कटिशूल : (कंबरदुखी). सर्वांत खालच्या बरगडीपासून नितंबांच्या खालच्या घडीपर्यंतच्या भागात होणाऱ्या वेदनेस कटिशूल म्हणतात. हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. २०२० मध्ये जगातील सु. ६२ कोटी लोकांना हा विकार होता, असा अंदाज आहे.

पृष्ठवंशात मानेचे ७, पाठीचे १२ व कमरेचे ५ मणके सुटे असतात. त्यांखालील मणके जुळून त्रिकास्थी व माकडहाड बनते. कमरेचे मणके सर्वांत मोठे असून धडाचा भार त्यांवर पडतो. दोन मणक्यांमध्ये तंतुमय कड्यांची चकती असते व तिच्या मध्यभागी पाणीदार, लवचिक गर असतो. दिवसभराच्या भाराने चकतीतील पाणी कमी होते व रात्री आडवे झाल्यावर ते पुन्हा शोषले जाते. म्हणून सकाळी माणसाची उंची १ ते २ सेंमी. अधिक भरते. प्रौढ वयात चकतीला रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचे पोषण शेजारच्या मणक्यांतून झिरपणाऱ्या द्रवावर अवलंबून असते.

सु. ९० टक्के रुग्णांत वेदनेचे निश्चित शारीरिक कारण दाखविता येत नाही. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमेत (एमआरआयमध्ये) चकतीची झीज दिसली, तरी तेच कारण असे ठरत नाही; कसलीही वेदना नसलेल्या विशीतील माणसांपैकी एकतृतीयांशाहून अधिकांत व ऐंशीच्या घरातील बहुतेक सर्वांत ती आढळते. ‘मणक्यात गॅप आहे’ हे शब्द ऐकून अनेक जण आयुष्यभर वाकणे सोडतात, ते बव्हंशी अनाठायी असते.

चकतीचा गर बाहेर येऊन तंत्रिकामुळावर दाब पडल्यास नितंबापासून पावलापर्यंत कळ जाते. आयुर्वेदात या विकारास गृध्रसी म्हटले असून त्याची गणना वातव्याधींत केली आहे. चकतीशी त्याचा संबंध मिक्स्टर व बार या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी १९३४ मध्ये स्पष्ट केला. हा प्रकार बहुधा कमरेच्या सर्वांत खालच्या दोन चकत्यांत होतो. बाहेर आलेला गर पुष्कळदा आपोआप आक्रसतो.

व्यवसाय व दिनचर्या यांचा या विकाराशी निकटचा संबंध आहे. ठाणे व कल्याण-डोंबिवली ही शहरे याचे बोलके उदाहरण होत. मुंबईचा लोहमार्ग १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत व १८५४ मध्ये कल्याणपर्यंत आला आणि नोकरी मुंबईत, घर येथे अशी वस्ती पुढे वाढत गेली. कल्याण ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सु. ५४ किमी. आहे, जलद गाडीलाही सु. एक तास लागतो. गर्दीत हात वर कड्याला, पिशवी एका खांद्यावर आणि पाऊल हलविण्यास जागा नाही, अशा स्थितीत पाठीचे स्नायू सतत आकुंचित राहतात. तिघांच्या बाकावर कडेला टेकून मिळणारी ‘चौथी सीट’ही फारशी सुखाची नाही, एका नितंबावर भार येऊन धड तिरपे होते. त्यानंतर कचेरीत आठ तास बैठक. यांतील कोणतीही एक स्थिती मुळात घातक नाही. तीच स्थिती दीर्घकाळ न बदलणे त्रासदायक ठरते. खड्ड्यांतून दुचाकीने जाताना बसणाऱ्या हादऱ्यांची भर वेगळीच.

पूर्वी कंबर धरली की आठवडाभर अंथरुणात पडून राहण्यास सांगत. दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांच्या विश्रांतीइतकीच उपयोगी पडते, असे १९८६ मध्ये एका अमेरिकन चाचणीत आढळले. पुढे तर शक्य तितके हिंडतेफिरते राहणेच श्रेयस्कर ठरले. लाकडी फळीवर झोपण्याचा सल्लाही असाच परंपरेने चालत आलेला आहे. २००३ मध्ये स्पेनमध्ये झालेल्या चाचणीत दीर्घकालीन दुखण्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी सरस ठरली. कमरेच्या पट्ट्याने दुखणे टळत असल्याचा पुरावा नाही.

दुखणे उलटू नये म्हणून व्यायाम हाच सिद्ध उपाय आहे. ऑस्ट्रेलियातील ७०१ व्यक्तींवरील चाचणीत (२०२४) हळूहळू वाढवीत नेलेल्या नियमित चालण्याने पुन्हा दुखेपर्यंतचा मध्यक काळ ११२ दिवसांवरून २०८ दिवसांवर गेला. त्यासाठी साधने लागत नाहीत. ठाण्याची तलावपाळी किंवा कल्याणचा काळा तलाव पुरेसा आहे. गाडीत उभे असताना भार एका पायावरून दुसऱ्यावर घेणे, कचेरीत अर्ध्या तासाने उठणे व ओझे अंगाजवळ धरून उचलणे हेही हितकर असते.

काही लक्षणांत मात्र विलंब करू नये. लघवी अडणे किंवा तिच्यावरील ताबा जाणे, गुदद्वाराभोवतीची संवेदना नाहीशी होणे, दोन्ही पाय लुळे पडत जाणे ही मेरुरज्जूखालील तंत्रिकांच्या जुडग्यावर दाब आल्याची चिन्हे असून तातडीने शस्त्रक्रिया न झाल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते. बारीक ताप, वजनातील घट व रात्रीची वेदना असल्यास भारतात मणक्याच्या क्षयाची शंका आधी घ्यावी लागते. योग्य औषधांनी तो बहुधा पूर्ण बरा होतो. गृध्रसीत सु. सहा आठवड्यांच्या उपचारांनंतरही पायातील कळ असह्य राहिल्यास शस्त्रक्रियेचा विचार करतात. केवळ कंबर दुखते म्हणून ती सहसा करीत नाहीत.