बाहेर पाऊस, घरात बाळ



तरणा पाऊस संपला, म्हातारा लागला. आमच्या पाटणच्या डोंगरात चार-चार दिवस ऊन दिसत नाही. लावणी चालू आहे, दोरीवरची दुपटी वाळत नाहीत, अंगणात चिखल आहे. या सगळ्यात घरातलं तान्हं किरकिरतंय. परवा गटाच्या मीटिंगमध्ये हप्त्याचं बोलणं बाजूला राहिलं आणि सगळ्या एकच विचारत होत्या, "ताई, बाळाला दिवसभर घरात रमवायचं कसं?" म्हणून आज तेच बोलू.

आधी माझीच चूक सांगते. माझी लेक पहिल्या पावसाळ्यात आठ महिन्यांची होती. सासूबाई तिला मागच्या दाराला नेत, तेवढ्यात मी नजर चुकवून लावणीला सटकायची. मग ती रडायची. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या किती वेळ फिरवणार? त्या मोबाईलवर गाणी लावून द्यायच्या. पोर गप्प व्हायची. आठवड्याभरानं एका संध्याकाळी मी भिजून घरी आले, हाक मारली, तर लेकीनं मान वर केली नाही. मोबाईल काढून घेतला तर घर डोक्यावर घेतलं. रात्री मात्र मी पाण्याला उठले तरी घाबरून रडायची. तेव्हा अंगणवाडीच्या ताईंनी मला जे समजावलं, ते आज तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट, बाळाचं प्रत्येक रडणं भुकेचं नसतं. दूध झालं, दुपटं बदललं, अंग गरम नाही, झोप झाली, तरी रडतंय, तर त्याला कंटाळा आला असेल. उन्हाळ्यात ते अंगणात कोंबड्या बघतं, येणारा-जाणारा त्याच्याशी बोलतो. पावसाळ्यात हे सगळं बंद होतं आणि समोर फक्त छत उरतं.

मोबाईल हलतो, वाजतो, पण बाळाला उत्तर देत नाही. बाळ 'आऽ' म्हणालं की आपण 'आऽ, काय गं बाई?' म्हणतो. या देवघेवीतूनच बोलणं येतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली सांगितलं, की एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन दाखवूच नये. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ तर दोन वर्षांपर्यंत नको म्हणतात. बाबा मुंबईला कामाला असतील आणि व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटं बोलले, तर ते चालेल. तिथं समोरचा माणूस बाळाला उत्तर देतो.

आता खेळ सांगते. विकत काही आणायचं नाही.

तीन महिन्यांपर्यंतच्या बाळाला वीत-दीड वीत अंतरावरचंच नीट दिसतं. म्हणजे मांडीवर घेतल्यावर आपला चेहरा दिसतो तेवढंच. त्यामुळे तुमचा चेहरा हेच त्याचं खेळणं. बोला, मग थांबा. ते हुंकार देईल, त्याची वाट बघा. जागं असताना गोधडीवर पालथं घालून समोर बसा. एकदम नको, दोन-तीन मिनिटं असं बऱ्याच वेळा. दिवसाचा मिळून अर्धा तास झाला तरी पुरे. मान आणि पाठ घट्ट होते. दूध पाजल्यावर लगेच पालथं घालू नका, आणि झोपवायचं मात्र उताणंच.

चार ते सहा महिन्यांत हात पुढं येतो. स्टीलची वाटी, गुळगुळीत लाकडी चमचा, खणाचा तुकडा असं काहीतरी हातात द्या, पण एका वेळी एकच. गार, मऊ, खरखरीत हे सगळं त्याला नवीन असतं. ते तोंडात घालणारच, म्हणून वस्तू स्वच्छ धुतलेली आणि बाळाच्या मुठीपेक्षा मोठी हवी. मणी, बिया, बटण, मक्याचे दाणे जवळ नकोत.

सात ते नऊ महिन्यांचा खेळ सगळ्यात मोलाचा. पदराआड तोंड लपवायचं आणि 'कुक' करायचं. किंवा त्याच्यासमोरच वाटी फडक्याखाली झाकायची आणि त्याला शोधू द्यायची. लहान बाळाला वाटतं, दिसेनाशी झालेली वस्तू संपली. या वयात ते शिकतं, की दिसत नसली तरी ती आहे. आईचंही तसंच. म्हणूनच या वयात आई उठली की बाळ रडतं. मी चोरून जात होते, त्यामुळे माझ्या लेकीला कळतच नव्हतं की आई कधी नाहीशी होईल. मग मी रोज 'कुक' खेळू लागले आणि निघताना तिला सांगून जाऊ लागले, "मी शेतात जाते, संध्याकाळी येते." दारात रडायची ती. पण चार-पाच दिवसांत ते रडणं कमी झालं आणि रात्रीचं घाबरणंही गेलं. मैत्रिणींनो, बाळाला सांगून जा.

दहा महिन्यांच्या पुढं बाळाला भरायला आणि रिकामं करायला आवडतं. टोपलीत करवंटी, वाट्या, जुन्या साडीचे तुकडे ठेवा. ते सगळं बाहेर काढेल, तुम्ही परत भरा. भिंतीशी अंथरुणाची वळकटी ठेवली की तिला धरून उभं राहील. टोपलीतल्या वस्तू दोन दिवसांनी बदला, म्हणजे परत नव्या वाटतील.

आणि पाऊस स्वतःच एक खेळ आहे. पाऊस हलका असताना बाळाला कडेवर घेऊन पडवीत उभ्या राहा. पागोळ्यांखाली त्याचा हात धरा. पत्र्यावरचा आवाज, बेडकाचा आवाज ऐकवा. काऊचं घर पावसात वाहून गेलं ती गोष्ट सांगा. मग हातपाय पुसून कोरडं करा. बाळानं तोंड फिरवलं, डोळे चोळले, की त्याला पुरे झालं. तेव्हा नुसतं जवळ घ्या.

पावसाळ्यात घरातही जपावं लागतं. गळतीखाली ठेवलेलं पातेलं, बादली लगेच रिकामी करा. चार बोटं पाण्यातही रांगतं बाळ बुडू शकतं. ओल्या लाकडांचा धूर फार होतो, बाळाला चुलीपासून लांब ठेवा. गोधडी अंथरण्याआधी झटका, विंचू-गोम असते. बटणासारखे छोटे सेल उंच ठेवा. ते गिळले तर वाट न बघता 108 ला फोन करा. खेळताना एखादं बाळ आवाजाकडं वळत नाही, नजर देत नाही असं दिसलं, तर आशाताईंना लगेच सांगा.

आता मुख्य अडचण. हे सगळं करणार कोण? आई शेतात, आजी थकलेली. मग थोरल्या मुलीची शाळा बुडते. गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका पाचवीतल्या पोरीचे बारा दिवस बुडाले. ती हुशार, पण गणितात मागं पडली. ते मला अजून लागून राहिलंय.

यावर आम्ही यंदा एक केलं. लावणीला आपण पैरा करतो ना? आज माझ्या रानात, उद्या तुझ्या. तसाच बाळांचा पैरा लावला. ज्या घराला गळती नाही तिथं बाळं जमायची. एकीनं लावणीला जायचं नाही, बाळं सांभाळायची, आणि तिचा दिवस पैऱ्यात धरायचा. एका बाईकडं तीनच बाळं, जास्त नाही. जोडीला एखादी आजी, गोष्टी सांगायला. दुपारी पाजायला आया येतात. प्रत्येकीनं टोपलीत घरची एक वस्तू टाकलीय. पहिल्या दिवशी एक बाई म्हणाली, "बसून राहायचा कसला दिवस धरायचा?" तिचीच पाळी आली, तेव्हा संध्याकाळी म्हणाली, "बाई, चिखलातलं काम परवडलं!" त्यानंतर दिवस धरण्यावरून कुणी बोललं नाही.

तुमच्या गटाच्या पुढच्या मीटिंगला एवढंच विचारा: आपल्यात तान्ही किती, कोरडं घर कुणाचं, आणि पहिली पाळी कोण घेणार? अंगणवाडीच्या ताईंनाही बोलवा. बाळाच्या वयाप्रमाणे खेळ त्या दाखवतील.

आणि आज घरी गेल्यावर पदराआडून एकदा 'कुक' करून बघा. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.