टीव्ही चालू, घर गप्प

गेल्या महिन्यात लसीकरणाच्या दिवशी आम्ही एका वस्तीतल्या अंगणवाडीत बसलो होतो. एक आजी सव्वादोन वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन आल्या. वजन बरं होतं, लसी वेळेवर झालेल्या होत्या. निघताना दारातून मागे वळून म्हणाल्या, "सिस्टर, पोरगं अजून बोलंना. बोट दाखवतं, ऊं ऊं करतं, बस. ह्याचा बापबी तीन वर्षांचा झाल्यावरच बोलला म्हना." आम्ही विचारलं, "आजी, दिवसभर याच्याशी बोलतं कोण?" आजी थांबल्या. "बोलाया कोन असनार? सून सकाळी सातला कामाला जाती. माझं गुडघं उठू देत न्हाईत. टीव्ही लावून देते, गुमान बसतं."

गुमान बसतं. हे शब्द आम्ही किती घरांतून ऐकले असतील, त्याचा हिशेब नाही. दवाखान्यात नोकरीला होतो तेव्हा तर सुई टोचताना बाळ रडू लागलं की आम्हीच आईला सांगायचो, मोबाइलवर काहीतरी लावून द्या. बाळ गप्प व्हायचं, आमचं काम उरकायचं. ती सवय त्या घरात किती दूर जाते, याचा विचार तेव्हा आम्ही केला नाही.

आधीच सांगतो, हा लेख आयांना दोष देण्यासाठी नाही. दहा बाय बाराची खोली. तिथेच गॅस, तिथेच अंथरूण, तिथेच मोठ्याचा अभ्यास आणि तिथेच टीव्ही. दाराबाहेर उघडं गटार, गल्लीतून मोटारसायकली सुसाट जातात. चार घरची धुणीभांडी करून आलेल्या बाईने स्वयंपाक होईपर्यंत मुलाला ठेवायचं कुठे? मोठ्या घरात टीव्हीची खोली वेगळी असते, दार लोटलं की झालं. आपल्याकडे टीव्ही कुणी मुलाला मुद्दाम दाखवत नाही. तो चालू असतो आणि मूल त्याच्यासमोर वाढतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सांगितलेलं मोजमाप असं: दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत टीव्ही आणि मोबाइल नकोच. त्यानंतर चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी तर आणखी चांगलं. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको असंच सांगते. गावाकडच्या आजोबांशी किंवा बाहेरगावी कामाला असलेल्या बापाशी व्हिडिओ कॉलवर बोलायला मात्र हरकत नाही. तिथे समोरचा माणूस बाळाला उत्तर देतो, फरक तेवढाच आहे.

हे सांगितलं की बायका म्हणतात, "ताई, तो कुठे बघतो? मी सिरियल बघते, तो आपला खाली खेळत असतो." खरी गोम इथेच आहे. अमेरिकेत एक, दोन आणि तीन वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला, तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना खेळणी देऊन खोलीत बसवलं आणि मोठ्या माणसांचा एक कार्यक्रम टीव्हीवर लावला. मुलांना त्यातलं काही कळत नव्हतं, त्यांनी अधूनमधून नुसती मान वर केली. तरीही टीव्ही चालू असताना त्यांचा खेळ पुन्हा पुन्हा तुटत होता. एका खेळण्यात ती कमी वेळ रमत होती. दीड वर्षाचं पोर वाटीत वाटी बसवतं, काढतं, परत बसवतं, तेव्हा ते शिकत असतं. दर मिनिटाला भांडणाचा नाहीतर जाहिरातीचा मोठा आवाज आला तर वाटी बाजूला राहते.

दुसरा अभ्यास 2009 चा, तोही अमेरिकेतला. लहान मुलांच्या अंगरख्यात आवाज टिपणारं छोटं यंत्र ठेवून दिवसभराचं बोलणं मोजलं. ऐकू येईल असा टीव्ही एक तास चालला की मुलाच्या कानावर पडणारे मोठ्या माणसांचे शब्द सुमारे 770 ने कमी होत होते. तो देश वेगळा, घरं वेगळी, म्हणून हाच आकडा आपल्या वस्तीला लावता येणार नाही. पण घरात काय होतं ते आपण रोज बघतोच. टीव्ही बोलायला लागला की माणसं गप्प होतात.

मग टीव्हीवरचे शब्द ऐकून मूल शिकणार नाही का? याचं उत्तर 2003 च्या एका प्रयोगातून मिळालं. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या काही बाळांसोबत चिनी बोलणारी माणसं बसली. त्यांनी पुस्तकं दाखवली, खेळणी हलवली, गप्पा मारल्या. दुसऱ्या गटातल्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. माणसांजवळ बसलेल्या बाळांना चिनी भाषेतले आवाज वेगळे ओळखता येऊ लागले. टीव्हीसमोर बसलेल्यांना काहीच आलं नाही. बाळ बोलणं शिकतं ते आपल्याकडे बघून बोलणाऱ्या माणसाकडून. त्याने "बा" म्हटलं की "बा? बाबा कामाला गेले" असं म्हणणारं कुणीतरी लागतं. कार्टूनमधला उंदीर थांबून त्याचं ऐकत नाही. आपल्या घरांत आणखी एक गंमत, म्हणजे गंमत कसली! कार्टून बहुतेक हिंदीत. पोरगं आजीला "मुझे छोड़ दो" म्हणतं, सगळे हसतात, आणि त्याच पोराला "तहान लागली" सांगता येत नाही.

जेवणाचंही तेच. टीव्हीसमोर तोंड उघडं राहतं, आई घास सारत जाते. मूल काय खातं ते बघत नाही, चव घेत नाही, पोट भरलं की नाही हेही त्याला कळत नाही. कुणी जास्त गिळतं, कुणी तासभर घास गालात धरून बसतं. आणि झोप. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची धरून 11 ते 14 तास झोप लागते. रात्री साडेदहाची सिरियल संपल्यावर दिवा बंद होणाऱ्या खोलीत ती कुठून मिळणार?

करायचं काय? टीव्ही विका असं आम्ही म्हणणार नाही, ते कुणी ऐकणारही नाही. विहारात बायकांच्या बैठकीत आम्ही एवढंच सांगितलं: भिंतीवर खडू टांगा आणि टीव्ही अर्धा तास चालला की एक रेघ मारा. कोण बघतंय ते विचारू नका. आठवड्याने बायकाच म्हणाल्या, कुणी बघत नसताना कितीतरी रेघा पडल्या. सुरुवात तिथून करा. कुणी बघत नसेल तर टीव्ही बंद. मुलाच्या जेवणाच्या वेळी बंद. झोपेआधी तासभर बंद. सासूबाईंची एक सिरियल राहू द्या, त्या वेळी मुलाला कुणीतरी ओट्यावर किंवा विहाराच्या अंगणात नेलं तर बरं. तो कुणीतरी बापही असू शकतो. कामावरून येऊन बातम्या लावून आडवं होणाऱ्या भावांनी हे वाचावं.

काम करताना बोला. वेगळा वेळ काढायला नको. "बघ, कांदा चिरते. डोळ्यात पाणी आलं. हे टमाटं, लाल. तू धर." भीमाचे पाळणे पाठ असलेल्या आज्या आपल्या घराघरांत आहेत, त्यांना गाऊ द्या. वाटी, डबा, जुनं पातेलं, एवढ्यावर मूल अर्धा तास खेळतं. टीव्ही टेबलावर असेल तर भिंतीला पक्का करा, वायर ओढून तो मुलाच्या अंगावर पडू शकतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका. मूल बोलत नाही याचं कारण टीव्हीच असेल असं नाही. ऐकू कमी येत असेल, दुसरा काही त्रास असेल. वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांचं होऊन "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नसेल, तर टीव्ही बंद करून वाट बघत बसू नका. बापही उशिरा बोलला होता, म्हणूनही थांबू नका. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, ताईंकडे नाव द्या. पथक येण्याला वेळ असेल तर सरकारी रुग्णालयात जाऊन कानाची तपासणी मागा. झोपलेल्या बाळाचीही ती करता येते, दुखत नाही.

त्या आजींकडे आम्ही परवा गेलो होतो. सकाळी दहा ते बारा टीव्ही बंद असतो म्हणाल्या. मग काय करता? "शेजारनीची कोंबडी दारात येती. आम्ही दोघं तिच्यासंगं भांडतो. हा 'हाड' म्हनाया लागलाय." नातवाच्या कानाच्या तपासणीची तारीख पुढच्या मंगळवारची मिळाली आहे. सून त्या दिवशी खाडा करणार आहे.