मूल ‘ढ’ आहे, की घरात अभ्यासाला जागाच नाही?

बोईसरला सातवीचा वर्ग माझ्याकडे होता तेव्हाची गोष्ट. एक मुलगा रोज गृहपाठ अर्धवट आणायचा. मी त्याला सगळ्या वर्गासमोर रागावले. पुढे त्याच्या घरी जाणं झालं. एक खोली, सहा माणसं. अब्बा तारापूर एमआयडीसीत रात्रपाळी करून दिवसा झोपलेले, त्यामुळे घरात आवाज करायचा नाही. संध्याकाळी धाकट्या भावंडांना हाच सांभाळणार. अभ्यास करणार कधी? चूक माझी होती.

त्याच वर्गात दुसऱ्या एका मुलाला घरी टेबल होतं, शिकवणी होती, अडलं तर सांगणारी शिकलेली अम्मी होती. शिक्षक तेच, पुस्तक तेच. निकाल मात्र वेगळा. आपण त्याला ‘हुशारी’ म्हणतो.

१९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या मोठ्या पाहणीतही हेच दिसलं. मुलांच्या गुणांमधला फरक शाळेच्या सोयींपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जोडलेला होता.

आपल्याकडे पाहा. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के होती, राज्याची ७६.९. म्हणजे आपल्या समाजाला शिक्षण नको असतं, हे खरं नाही. पण देशपातळीवर सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं की ६ ते १४ वयाची २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा त्यांनी शाळा मध्येच सोडली.

शिक्षण हक्क कायद्याचं मोफत शिक्षण आठवीपर्यंत. नेमकं त्याच वयात मुलगा कुठेतरी हेल्पर म्हणून चार पैसे आणू शकतो, आणि खोलीचं भाडं तर दर महिन्याला द्यायचंच असतं. मुलीच्या बाबतीत शाळा लांब पडते, मग ‘आता बस झालं’. त्यात घरी एक बोली, शाळेत उर्दू किंवा मराठी, आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी. मुलाला समजलेलं असतं, पण पेपरात लिहायला शब्द सापडत नाहीत.

यात आई-वडिलांचा दोष नाही. पगार आणि घर आपल्या एकट्याच्या हातात नसतं. तरी काही गोष्टी होऊ शकतात.

घरात रोज एक तास टीव्ही-मोबाईल बंद. जागाच नसेल तर मशीद किंवा मदरशाच्या कमिटीने मगरिबनंतर एक खोली आणि दिवा मुलांसाठी द्यावा.

अम्मीला लिहिता-वाचता येत नसलं तरी, “आज काय शिकलास? मला समजावून सांग,” एवढं ती विचारू शकते. सांगता सांगता मुलाचा धडा पक्का होतो.

आठवीत एनएमएमएस परीक्षेचा फॉर्म चुकवू नका. सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक संस्थेच्या शाळेत शिकणारं मूल, सातवीत ५५ टक्के गुण आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, या मुख्य अटी. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला मात्र वेळेत काढून ठेवा. शिकलेल्या घरांना या तारखा आधी कळतात, आपल्याला नंतर. तिथेच निम्मा फरक पडतो.

आणि आम्हा शिक्षकांनी रागावण्याआधी एकदा विचारावं, “बाळा, घरी अभ्यासाला कुठे बसतोस?”