अक्कलदाढ काढल्यावर दुखणे सोसू नका, आवरा

गेल्या पावसाळ्यात आमच्या वहिनींची खालची अक्कलदाढ काढावी लागली. दाढ आडवी होती. हिरडी कापली, दोन टाके पडले. पहिले दोन दिवस दुखले, पण कमी कमी होत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी सवयीने मिश्री लावली आणि रात्री ठणका थेट कानापर्यंत चढला. आम्ही घरची माणसे काय म्हणालो? "दाढ काढलीय, दुखणारच. सोसा थोडं." त्यांनी दोन रात्री सोसले. पाचव्या दिवशी परत दवाखान्यात नेले, तेव्हा डॉक्टरांनी जखम धुऊन त्यात औषधाची पट्टी भरली. त्या रात्री वहिनी झोपल्या. आधीच्या दोन रात्री आमच्या अज्ञानामुळे गेल्या. तुमच्या घरात तसे होऊ नये म्हणून हे लिहीत आहोत.

गुठळी जपा

दाढ निघाली की तिथे खड्डा राहतो. त्यात रक्त साकळून गुठळी होते. ही गुठळी म्हणजे खालच्या हाडावरचे आणि नसांवरचे झाकण. ते टिकले तर जखम आतून भरत येते. ते निसटले तर हाड उघडे पडते आणि असह्य ठणका लागतो. डॉक्टर याला 'ड्राय सॉकेट' म्हणतात. खालच्या अक्कलदाढेला याचा धोका जास्त असतो.

म्हणून दाढ काढल्यावर दिलेला बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरावा. सारखा काढून बघू नये. पहिले 24 तास चूळ भरू नये, जोरात थुंकू नये, नळीने काही ओढून पिऊ नये. लाळेत थोडे लाल दिसले तर घाबरू नये. रक्त वाहतच राहिले तर स्वच्छ ओल्या कापडाची घडी जखमेवर ठेवून अर्धा तास दाबून चावावी. तरी थांबले नाही तर लगेच दवाखाना गाठावा.

बिडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा आणि मिश्री किमान तीन दिवस बंद. आठवडाभर बंद ठेवले तर फारच उत्तम. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे आम्हीही विसरलो होतो.

गोळी घड्याळाकडे बघून घ्या

भूल दोन-चार तासांत उतरते आणि मग दुखणे एकदम उसळते. म्हणून पहिली गोळी भूल उतरण्याआधीच, दोन घास पोटात घालून घ्यावी. पुढचे दोन-तीन दिवस डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला गोळी घ्यावी. "फार दुखलं तर बघू" म्हणत थांबलात तर चढलेले दुखणे उतरवायला जास्त वेळ लागतो.

अक्कलदाढेच्या दुखण्यावर आयबुप्रोफेन हे पॅरासिटामॉलपेक्षा चांगले काम करते आणि दोन्ही मिळून एकेकट्यापेक्षा जास्त. ही औषधे साधी आणि स्वस्त आहेत. पण पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, दमा, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गरोदरपण असेल तर आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नये. हे सगळे दाढ काढण्याआधीच डॉक्टरांना सांगावे. हृदयासाठी चालू असलेली गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये.

दुसरी काळजी म्हणजे गोळ्यांची नावे वेगळी असली तरी आत औषध एकच असू शकते. तापाच्या, सर्दीच्या, अंगदुखीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असते. निरोगी मोठ्या माणसाने दिवसभरात ते सगळे मिळून 4 ग्रॅमच्या वर जाऊ नये. वजन कमी असेल, रोज दारू घेत असाल किंवा यकृताचा आजार असेल तर मर्यादा त्याहून कमी. पाकीट वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलांकडून वाचून घ्या.

गोळी कुटून जखमेत भरू नये, हिरडी भाजते. लवंगेचे तेलही थेट ओतू नये.

सूज आणि जेवण

पहिल्या दिवशी बर्फ फडक्यात गुंडाळून गालावर पंधरा मिनिटे ठेवावा, मग तेवढाच वेळ काढावा. घरात फ्रीज नसेल तर दुकानातून बर्फाचा तुकडा आणा किंवा माठातल्या पाण्यात भिजवलेले फडके ठेवा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते आणि नंतर ओसरते. रात्री डोक्याखाली दोन उशा घ्याव्यात. एक-दोन दिवस पाण्याचे हंडे, गोणी असे जड ओझे उचलू नये. घरातल्या इतरांनी तेवढे काम वाटून घ्यावे.

खायला पेज, मऊ खिचडी, दही, गार केलेले वरण द्यावे. गरम चहा पहिल्या दिवशी नको. 24 तासांनंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, जेवणानंतर पाणी तोंडात हळूच फिरवून सोडून द्यावे. खळखळून गुळण्या करू नयेत.

तिसरा दिवस ध्यानात ठेवा

साधे दुखणे रोज थोडे थोडे उतरते. उतरलेले दुखणे तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा चढले, कानात ठणकू लागले, तोंडाला घाण वास आला, तर ते सोसायचे दुखणे नव्हे. परत जा. औषधाची पट्टी भरली की बहुतेकांना लवकर आराम पडतो. नुसत्या जादा गोळ्यांनी ते भागत नाही.

ताप आला, सूज हनुवटीखाली किंवा गळ्याकडे पसरली, तोंड उघडेनासे झाले, तर त्याच दिवशी दाखवा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर रात्र असली तरी थांबू नका.

जिथे दाढ काढली तिथे परत जायला संकोच वाटण्याचे कारण नाही. जखम पुन्हा तपासून घेणे हा उपचाराचाच भाग आहे. खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयाचा दंत विभाग आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत महापालिकेचे नायर दंत रुग्णालयही आहे.

वहिनींनी त्यानंतर मिश्रीचा डबा पुन्हा उघडला नाही. आणि आमच्या घरात आता कुणी दुखतंय म्हणाले, तर "सोसा" म्हणण्याआधी आम्ही विचारतो, "कालपेक्षा कमी आहे की जास्त?"