ताटातली रसायनं (भाग ७) : १०२ नंबरचा पिवळा

गेल्या आठवड्यात पाहिलेलं सॅकरीन निदान जिभेला काही देतं. आजचं रसायन जिभेला काही देत नाही, पदार्थ टिकवत नाही, फुगवत नाही. पोषण तर नाहीच नाही. त्याचं सारं काम डोळ्यांपुरतं. कस्टर्ड पावडर, लिंबाच्या चवीच्या गोळ्या, आंब्याच्या नावाने मिळणारी स्वस्त सरबतं यांच्या वेष्टणावर बारीक अक्षरांत '१०२' हा आकडा दिसला, की तो टारट्राझीन समजावा.

१८८४ साली योहान हाइनरिश झीगलर या रसायनशास्त्रज्ञाने तो बनवला. त्या काळी दगडी कोळशाच्या डांबरातून एकामागून एक रंग निघत होते आणि लोकर, रेशीम त्यांत बुडवलं जात होतं. तिथून हा रंग खाद्यपदार्थांत आला. आता त्याचा कच्चा माल पेट्रोलियममधून येतो. त्याच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात. ही जोडी आणि तिच्या दोन्ही बाजूंची वलयं मिळून निळा-जांभळा प्रकाश शोषून घेतात आणि आपल्याला लखलखीत पिवळा दिसतो. रेणूला चिकटलेल्या गंधकयुक्त गटांमुळे तो पाण्यात सहज विरघळतो. त्यामुळेच आतड्यातून रक्तात फारच थोडा शिरतो. बराचसा आतड्यातले जिवाणू फोडतात.

घरात हळद असताना कारखानदाराला हा रंग का लागतो? हळदीचा रंग उन्हात उडतो, सोड्याशी गाठ पडली की लालसर होतो, शिवाय तिला स्वतःची चव आणि वास आहे. केशराचा भाव सगळ्यांना ठाऊक आहे. टारट्राझीन मात्र उष्णता, उजेड, आम्ल सगळं सोसतो आणि अगदी कणभर पुरतो.

आता धोक्याचं. भारतात आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, त्यांतला हा एक. मिठाई, बिस्किटं, आइस्क्रीम, सरबतं अशा ठरावीक पदार्थांतच तो चालतो आणि बहुतेक ठिकाणी मर्यादा आहे किलोमागे १०० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २०१६ साली ठरवल्याप्रमाणे माणसाने रोज, आयुष्यभर, वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅमपर्यंत तो घेतला तरी चालतो. हिशेब करून पाहा. वीस किलोच्या मुलाची मर्यादा झाली २०० मिलिग्रॅम. कायद्याने रंगवलेली मिठाई त्याने रोज दोन किलो खाल्ली, तरच तो तिथवर पोहोचेल. युरोपचा आकडा थोडा कडक, साडेसात मिलिग्रॅमचा. तोही धरला तरी दीड किलो होते.

तरीही प्रश्न संपत नाही. काही थोड्या लोकांना या रंगाने अंगावर पित्त उठतं, काहींचा दमा बळावतो. त्यांनी तो टाळलाच पाहिजे. २००७ साली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाने जवळपास ३०० मुलांवर केलेला अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. काही कृत्रिम रंग आणि पदार्थ टिकवणारं सोडियम बेंझोएट यांचं मिश्रण दिल्यावर मुलांची चंचलता थोडी वाढलेली दिसली. परिणाम लहान होता, सगळ्या मुलांत सारखाही नव्हता, आणि मिश्रण असल्याने दोष नेमका कुणाचा हे ठरवता येत नाही. पण युरोपने २०१० पासून टारट्राझीनसह सहा रंगांच्या वेष्टणावर मुलांच्या लक्ष आणि वागणुकीबद्दलचा इशारा सक्तीचा केला. त्या सहांपैकी चार आपल्या आठांच्या यादीत आहेत. आपल्याकडे वेष्टणावर असा इशारा लागत नाही; परवानगी असलेला कृत्रिम रंग आहे हे, आणि त्याचं नाव किंवा क्रमांक, एवढं छापलं की झालं. मला युरोपची रीत पटते. ज्या पदार्थाचा उपयोग फक्त दिसण्यापुरता आहे, त्याच्याबाबतीत शंकेचा फायदा मुलाला मिळायला हवा, रंगाला नाही.

पण आपल्याकडचा मोठा धोका वेष्टणात नाही, कढईत आहे. किलोला १०० मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग. चिमटीने तो मोजता येत नाही आणि मिठाईवाल्याचा रोजचा काटाही तो दाखवत नाही. लग्नाच्या बुंदीत रंग पडतो तो नजरेच्या अंदाजाने. त्याहून वाईट म्हणजे, डब्यातला पिवळा टारट्राझीनच असेल याचीही खात्री नसते. मेटॅनिल यलो हा कापडाचा, कातड्याचा रंग अगदी तसाच दिसतो, आणि त्याला अन्नात अजिबात परवानगी नाही. तो लाडवांत, जिलेबीत, डाळींत, हळदीत पुन्हा पुन्हा सापडला आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने अपाय केलेला आहे. गुलाबी रंगाचीही तीच गत : २०२४ साली तामिळनाडूने रोडामाइन-बी सापडल्यावर म्हातारीच्या केसांवर बंदी घातली, तर कृत्रिम रंग आणि अस्वच्छता यांच्या कारणावरून म्हापसा नगरपालिकेने गोबी मंच्युरियनच्या गाड्यांवर. पदार्थावर बंदी घालून मात्र रंग बाजारातून जात नाही. सुटे रंग विकणाऱ्या दुकानांची तपासणी आणि जिल्ह्याजिल्ह्यात पुरेशा प्रयोगशाळा, हे खरं काम आहे.

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. बेसन मुळातच पिवळं असतं, आणि रंगाविना तळलेली बुंदी फिकी दिसली तरी चवीला उणी नसते. या दिवाळीत, घरच्या कार्यात, मिठाईवाल्याला ऑर्डर देतानाच सांगा : रंग घालू नका. पुढच्या आठवड्यात सोडियम बेंझोएट.